आधी पाणी, मग तेल



दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले, उसाची तोड सुरू झाली, साखर कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागली, की आपल्या शिरोळ तालुक्यात आणखी एक हंगाम सुरू होतो. तो म्हणजे अंग उलण्याचा हंगाम. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, नडग्यांवरची त्वचा माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागते आणि रात्री अंथरुणात शिरले की अंगाला खाज सुटते. हातावर नखाने रेघ ओढली तर ती खडूने ओढल्यासारखी पांढरी उमटते. विहिरीवर गुपचूप पोहून आलेल्या मुलाची चोरी वडीलधारी माणसे याच रेघेवरून पकडतात, हे तुम्हांला सांगायला नकोच!

या कोरडेपणावर उपाय काय, असे घरी विचारा. "तेल लाव," असे उत्तर मिळेल. दुकानदाराला विचारा. तो म्हणेल, "हे क्रीम लाव." दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की त्वचेला तेल कमी पडले आहे आणि ते वरून चोळले की काम झाले. हे गृहीतच चुकीचे आहे. त्वचेला कमी पडलेले असते ते पाणी. तेलाचे काय किंवा क्रीमचे काय, मुख्य काम ते पाणी उडू न देण्याचे. हा फरक लहान वाटतो. पण तो न समजल्यामुळे पैसा वाया जातो, खाज थांबत नाही, आणि कधी कधी भलतेच मलम अंगावर जाते. माझे मत असे आहे, की हा फरक आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला समजला पाहिजे, आणि तो समजावून देणे हे डॉक्टरांइतकेच विज्ञानाच्या शिक्षकांचेही काम आहे. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. औषध सुचवणे माझ्या अधिकारातले नाही. पण बाष्पीभवन आणि प्रकाशाचे परावर्तन हे तर आपलेच विषय आहेत, होय ना?

हवेची तहान

प्रथम हवेकडे पाहू. एक घनमीटर हवा १५ अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम बाष्प धरू शकते. ३० अंशांना तीच हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. समजा, हिवाळ्यातल्या एका पहाटे तापमान १५ अंश आहे आणि दर घनमीटर हवेत १० ग्रॅम बाष्प आहे. सापेक्ष आर्द्रता किती? १० भागिले १३, म्हणजे सुमारे ७७ टक्के. दुपारी ऊन तापून तापमान ३० अंश झाले. बाष्प मात्र तेवढेच, १० ग्रॅम. आता आर्द्रता १० भागिले ३०, म्हणजे ३३ टक्के! पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नाही, पण हवा दुपटीहून अधिक 'तहानलेली' झाली. ती दोरीवरच्या कपड्यांतून पाणी घेते, रानातल्या मातीतून घेते, आणि तुमच्या-आमच्या कातडीतूनही घेते.

घाम आलेला नसतानाही प्रौढ माणसाच्या त्वचेतून दिवसाकाठी सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन निघून जाते. आता उलटा विचार करा. शरीराचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पाणी असताना एवढेच पाणी का जाते? आपण काकडीच्या फोडीसारखे सुकून का जात नाही? कारण आपल्या अंगावर एक विलक्षण आवरण आहे.

विटा आणि चुना

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे वहीच्या पानापेक्षाही पुष्कळ कमी. नखे, केस आणि जनावरांची शिंगे ज्या किरॅटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, तेच या पेशींत भरलेले असते. १९८३ साली पीटर इलायस या अमेरिकन शास्त्रज्ञाने या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. चुना शाबूत असेल तर आतले पाणी आत राहते. कडकडीत पाणी आणि भरपूर साबण यांनी हा चुना धुऊन निघतो. साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. त्यातच विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी कठीण असले तर साबणाचा फेस होत नाही, म्हणून साबण आणखी चोळला जातो आणि त्याचा साका अंगावर राहतो. भिंतीला अशा फटी पडल्या की पाणी अधिक वेगाने उडू लागते.

मग वरून तेल चोळले तर ही कातडी मऊ होईल का? हा प्रश्न अमेरिकेतील आयर्विन ब्लँक या शास्त्रज्ञाने एका साध्या प्रयोगाने सोडवला. त्याने घट्ट्याच्या वाळलेल्या कातडीचे तुकडे घेतले. काही तुकडे तेलात ठेवले. ते पुष्कळ काळ तेलात राहूनही कडकच राहिले. पाणी मिळालेले तुकडे मात्र मऊ झाले, वाकू लागले. या थरात पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो, असे त्याला आढळले. १९५२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

याचा पडताळा तुम्ही आजच घेऊ शकता. नखे कापल्यावर त्यांचे दोन तुकडे फेकू नका. एक वाटीभर पाण्यात आणि दुसरा खोबरेल तेलात बुडवून ठेवा. तासाभराने दोन्ही वाकवून पाहा. पाण्यातला तुकडा मऊ पडलेला असेल, तेलातला पूर्वीसारखाच कडक. नखे अंघोळीनंतर सहज कापली जातात याचे कारण हेच.

म्हणजे मऊपणा देते ते पाणी. तेल फक्त पाण्यावर झाकण घालते. आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवले की आमटी आटत नाही. पण रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवून आमटी तयार होत नाही! कोरड्या ठणठणीत अंगावर दुपारी तेल चोळणे हे बऱ्याच अंशी रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवण्यासारखे आहे.

फळ्यावरचा खडू

आता नखाच्या त्या पांढऱ्या रेघेकडे वळू. कोरड्या त्वचेवर मृत पेशींचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरते. किरॅटिनचा अपवर्तनांक (जुन्या पुस्तकांतला वक्रीभवनांक) सुमारे १.५५ आणि हवेचा १. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत फरक जितका मोठा, तितका त्यांच्या सीमेवर अधिक प्रकाश परावर्तित होतो. किरॅटिन आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सरळ येणाऱ्या प्रकाशाचा साडेचार टक्क्यांहून थोडा अधिक भाग मागे फिरतो. असे अनेक पापुद्रे, प्रत्येकाची दिशा वेगळी. त्यामुळे सर्व रंगांचा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि ती जागा पांढरी दिसते. साखर, मीठ, खडूची भुकटी पांढरी दिसते तीही याच कारणाने.

तेल लावले की फटींतली हवा जाते आणि तिथे सुमारे १.४६ अपवर्तनांकाचे तेल येते. आता सीमेवरून परतणारा प्रकाश ०.१ टक्क्याएवढाच उरतो. पांढरेपणा क्षणात नाहीसा होतो, जसा भज्यांच्या तेलाने वर्तमानपत्राचा कागद अर्धपारदर्शक होतो. पण सावध! पांढरेपणा गेला म्हणजे कोरडेपणा गेला असे नव्हे. डोळ्यांना दिसते ते प्रकाशशास्त्र. पाणी वाढले की नाही हा प्रश्न वेगळाच आहे.

हा पांढरेपणा गोऱ्या कातडीवर फारसा दिसत नाही, सावळ्या किंवा काळ्या कातडीवर मात्र ठळक दिसतो. खडूची रेघ पांढऱ्या भिंतीवर दिसत नाही, काळ्या फळ्यावर दिसते, तसेच हे. आफ्रिकन वंशाच्या लोकांत तर अशा त्वचेला 'राखेच्या रंगाची' म्हणण्याची पद्धतच आहे. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि त्या गडद पार्श्वभूमीवर पापुद्रे उठून दिसतात. म्हणून सावळ्या मुलामुलींना "अंग धुतोस की नाही?" असे चारचौघांत विचारले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. ती राख अस्वच्छतेची नव्हे. उलट, साबण लावून वारंवार घासून धुतल्यानेच ती वाढलेली असण्याचा संभव अधिक.

दुसरीही एक गोष्ट घडते. कातडीचा दाह झाला की ती 'लाल' होते, असे पुस्तकांत लिहिलेले असते. गडद त्वचेवर हा लालपणा सहसा जांभळट, करडा किंवा अधिक काळा दिसतो, त्यामुळे इसबासारखा विकार उशिरा ओळखला जातो. लंडनमधील मलोन मुकवेंडे हा वैद्यकीय विद्यार्थी अभ्यासक्रमातली चित्रे पाहताना थबकला, कारण ती बहुतेक गोऱ्या त्वचेचीच होती. त्याने आपल्या शिक्षकांच्या साहाय्याने, हीच लक्षणे काळ्या आणि सावळ्या त्वचेवर कशी दिसतात याची पुस्तिका २०२० साली तयार केली. एका विद्यार्थ्याच्या निरीक्षणातून हे काम उभे राहिले, हे ध्यानात घ्या. आपण बहुतेक जण सावळे. आपल्या पुस्तकांत आपली त्वचा असावी, ही मागणी अवाजवी आहे का?

डबीत असते काय?

अंगाला लावायच्या क्रीमचा वास, रंग आणि जाहिरात बाजूला काढली तर आत मुख्यतः तीन प्रकारची द्रव्ये उरतात.

पहिला प्रकार झाकण घालणाऱ्यांचा. यांत पेट्रोलियम जेली सर्वांत प्रभावी. खनिज तेलाच्या विहिरींवर साचणाऱ्या मेणचट गाळापासून ती शुद्ध करण्याच्या कृतीचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ मध्ये घेतले. तीच व्हॅसलीन. दीडशे वर्षे होऊन गेली, तरी पाण्याची वाफ अडवण्यात तिच्या पुढे जाणारे द्रव्य क्वचितच आढळते. आपले खोबरेलही काही कमी नाही. फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि शुद्ध खनिज तेल यांची तुलना करण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही सारखीच परिणामकारक ठरली. कोकणातले कोकमाचे तेल साध्या तापमानाला घट्ट असते, म्हणून टाचेवर ते टिकून राहते. आजीने भेगांत कोकमतेल भरले तर हसू नका. फक्त आधी पाय भिजवायला सांगा.

दुसरा प्रकार पाणी धरून ठेवणाऱ्यांचा. ग्लिसरीन आणि युरिया ही त्याची उदाहरणे. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो, तो गूळ हवेतले पाणी ओढतो म्हणून. ग्लिसरीनचा स्वभाव असाच. युरिया तर उसाला घालतात तोच रासायनिक पदार्थ! (पण शेतातला युरिया अंगाला लावू नका. औषधातला युरिया शुद्ध आणि मोजून मिसळलेला असतो.) तिसरा प्रकार म्हणजे पापुद्र्यांमधल्या फटी भरून स्पर्श गुळगुळीत करणारी स्निग्ध द्रव्ये.

याखेरीज क्रीममध्ये पाणी असते, सुगंध असतो. त्यांतला सुगंध काहींच्या त्वचेला चक्क चावतो. क्रीमची किंमत आणि तिची पाणी राखण्याची ताकद यांचे प्रमाण ठरलेले नसते. म्हणून डबीवरची मोठी अक्षरे नव्हे, मागची बारीक अक्षरे वाचायला शिका.

लावायची वेळ मात्र महत्त्वाची. अंघोळ पाच-दहा मिनिटांची, कोमट पाण्याची. साबण काखा, जांघा, पावले अशा गरजेच्या जागीच. नंतर टॉवेलने खसाखसा न घासता अंग टिपून घ्यायचे आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावायचे. आपली अभ्यंगाची चाल थंडीच्या तोंडावर येते, ही वेळ उत्तम साधलेली आहे. अंघोळीआधी लावलेले तेल साबणाचा मारा थोडा सोसते. पण उटण्याबरोबर बरेचसे तेल निघून जाते, म्हणून अंघोळीनंतर पुन्हा चार थेंब लावले तर परंपराही राहील आणि भौतिकशास्त्रही!

ओरखड्यापासून मूत्रपिंडापर्यंत

तुम्ही म्हणाल, थोडे अंग उलले तर एवढे काय बिघडते? पुढची साखळी पाहा. कोरडेपणाने खाज सुटते. खाजवल्याने भिंतीला आणखी फटी पडतात. पाणी अधिक उडते आणि खाज वाढते. झोप मोडते. सावळ्या त्वचेवर खाजवलेल्या जागी काळपट डाग पडतात आणि ते महिनोन् महिने टिकतात. मग डाग घालवण्यासाठी कोणी तरी 'गोरे करणारे' मलम आणते. इथे प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, आरोग्याचा होतो.

अशा काही मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयुक्त औषध आहे. मनाने महिनोन् महिने लावले तर त्वचा पातळ होते, आणि गजकर्णावर लावले तर बुरशी आत फोफावत जाते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड द्रव्यांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही क्रीममध्ये चक्क पारा सापडला आहे. विदर्भातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे पाऱ्याच्या क्रीममुळे बिघडल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात निष्पन्न झाले. २०२३ च्या जानेवारीत वृत्तपत्रांतून ते आपण वाचले. हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. दक्षिण आफ्रिकेने तर रंग उजळवणाऱ्या क्रीमवर १९९० च्या सुमारासच बंदी घातली.

त्वचेला ओलावा देणे आणि त्वचेचा रंग बदलणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरजेची आहे. दुसरीची गरज नाही. मेलॅनिन हे आपले जन्मजात सूर्यरक्षक आहे. ते पुसून टाकण्यासाठी पैसे मोजणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छपराची कौले विकण्यासारखे आहे.

खाजत नाही तो चट्टा

एक गोष्ट शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खरखरीत चट्टे दिसले की घरी "जंत झालेत" किंवा "कॅल्शियम कमी आहे" असे म्हणतात. बहुतेकदा तो कोरडेपणाचा आणि सौम्य इसबाचा प्रकार असतो. पण शरीरावर कोठेही फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल आणि स्पर्श किंवा टोचलेले कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. भारतात आजही दर वर्षी लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण सापडतात. उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. आपल्या शेजारी मिरजेला तर यासाठी रिचर्डसन हे स्वतंत्र रुग्णालय आहे.

या रोगात मज्जातंतू बधिर झाले की घामाच्या ग्रंथी काम थांबवतात, पावले कोरडी पडून फुटतात, आणि वेदना नसल्याने जखम चिघळत जाते. यावर रुग्णांना शिकवला जाणारा नित्यक्रम असा आहे: पाय वीस-तीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवा, जाड झालेली कातडी हलकेच घासा आणि पाय ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावा. आधी पाणी, मग तेल! ब्लँकच्या प्रयोगातले तत्त्व इथे माणसाचे पाऊल वाचवते.

तसेच, घरातल्या दोन-चार जणांना एकदमच रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज समजावी. तिच्यावर मॉइश्चरायझर उपयोगी नाही. सर्वांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. आजी-आजोबांची खाज तेल-मलमाने थांबत नसेल तर तिच्यामागे मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो, तेव्हा तपासणी टाळू नये.

शिक्षकांना एक विनंती

'त्वचा' हा धडा आपण नामनिर्देशित आकृती काढून पाच गुणांत संपवतो. त्याऐवजी एक तास असा घेऊन पाहावा. काकडीच्या सारख्या वजनाच्या दोन चकत्या, एकीला सर्व बाजूंनी व्हॅसलीन लावलेले, दुसरी तशीच. शाळेच्या तराजूवर सकाळी वजन करा, शाळा सुटताना पुन्हा करा. त्याच तासाला नखांचा प्रयोग करा. वर्गाच्या तापमानाला सापेक्ष आर्द्रता काढा. मग मुलांना आपापला हात भिंगाखाली पाहू द्या, कोरडा असताना आणि तेलाचे बोट फिरवल्यावर. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि आरोग्य एकाच तासात शिकवले जाईल, आणि खर्च एका काकडीचा!

वर्गात गहू रंगाचे, सावळे, काळे असे सर्व तऱ्हेचे हात असतील. त्या सर्वांची नोंद शेजारी शेजारी करा. कोणत्या हातावर पांढरी रेघ अधिक ठळक दिसली आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. ज्या मुलाने आजवर आपला हात बाहीत लपवला असेल, त्याला त्या दिवशी कळेल, की आपल्या कातडीत लाज वाटण्यासारखे काही नाही. त्यात आहे तो केवळ प्रकाशाच्या परावर्तनाचा एक नियम आणि थोडे कमी पडलेले पाणी.